हिला इचारा, बरफ हाय काय

१४ नोव्हेंबर

काल नवापूरच्या किनाऱ्यावर बायकोचं, वैभवीचं दहावं केलं. ही डायरी कंपनीने दिवाळीला दिली होती, ती कोरीच होती. मला लिहायची सवय नाही. शिफ्टच्या लॉगबुकात लिहितो तेवढंच. पण काल जे झालं त्याला पुष्कळ साक्षीदार आहेत, तेव्हा माझ्या बाजूनेही एक नोंद असावी.

पिंड ठेवला आणि कावळा येईना. कावळे नव्हते असं नाही. बाजूलाच बोंबील वाळत घातले होते, त्या काठ्यांवर ते ओळीने बसले होते. पोटं भरलेली. आमच्या भाताकडे त्यांनी एकदा बघितलं आणि माना फिरवल्या. गुरुजींना पालघरला दुसरं काम होतं. ते म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल. घरच्यांनी बोला."

माझी आई बोलली, "वैभवी, तुझ्या साड्या मी कुणाला देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. मग म्हणाली, "बरं, देते." तरी नाही. वैभवीचा भाऊ लातूरहून आला होता. तो म्हणाला, आईबाबांची काळजी करू नकोस. काही नाही. भावना मॅडम पुढे आल्या. या मुंबईच्या, डॉक्युमेंटरी फिल्मवाल्यांच्या संस्थेच्या अध्यक्षा. वैभवीच्या फिल्म त्यांनीच बाहेर दाखवल्या. पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या होत्या. त्या हात पसरून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. दोन कावळे उडून गेले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कमलेश कानाशी येऊन म्हणाला, "सर, ताईंची फिल्म आर्धी ऱ्हायलीय. त्याचं बोला." कमलेश दांडी गावचा. बोईसरला त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आहे, आणि वैभवीच्या सगळ्या फिल्मचा कॅमेरा त्यानेच केला. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "वैभवी, तुमची राहिलेली फिल्म मी पूर्ण करीन."

गुरुजी म्हणाले, "अहो, बायकोला तुम्ही काय म्हणताय? कावळ्याला वाटेल दुसऱ्याच कुणाशी बोलताय. एकेरीत म्हणा."

आम्ही दोघं लग्न झाल्यापासून एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आलो. आमच्या घरात मान होता. एवढ्या लोकांत एकदम एकेरीवर येणं मला बरं दिसेना. मी तेच वाक्य परत म्हणालो, जरा मोठ्याने. आणि कावळा आला. सरळ पिंडावर आला नाही. आधी पिंडाच्या मागे उतरला, तिथे काहीतरी टिपलं आणि जाता जाता भाताला चोच लावून गेला.

लोकांनी हात जोडले. आई रडली. भावना मॅडमही रडल्या, आणि रडता रडता त्यांनी कमलेशला विचारलं, "घेतलंस ना?" कमलेशने घेतलं नव्हतं. तो त्या वेळी पिंडामागून हात झटकत येत होता. नंतर त्याने मला चहा आणून दिला, तर कपाला सुक्या बोंबलाचा वास येत होता. किनाऱ्यावर सगळ्यालाच येतो.

तर मला फिल्म पूर्ण करायची आहे. मी कंपनीत बॉयलर बघतो.

१७ नोव्हेंबर

पेपरात भावना मॅडमचा लेख आला. मथळा 'सागराची लेक'. त्यात लिहिलंय की वैभवी तारापूरच्या कोळीवाड्यात जन्मली, लाटांची गाज ऐकत वाढली आणि जग बघायची नजर तिला वडिलांच्या होडीत मिळाली.

वैभवीचा जन्म लातूरचा. वडील तहसील कचेरीत होते. पाण्याला ती इतकी घाबरायची की समुद्रावर गेली तरी चप्पल काढायची नाही. मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मनीषजी, ती झाली माहिती. मी सत्य लिहिलंय."

मग निदान इथे तरी माहिती असू द्यावी. लग्नानंतर वैभवी बोईसरला आली. माझे वडील नागोराव नांदेडहून अणुऊर्जा केंद्रात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. ती एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग कमलेशने केलं, त्यातलं काय कापायचं ते सांगायला ती त्याच्या दुकानात गेली आणि तिला ते काम आवडलं. पहिली फिल्म तिने केली ती एका खोलीत राहणाऱ्या, पाळीपाळीने स्वयंपाक करणाऱ्या यूपीच्या कामगारांवर. दुसरी विक्रमगडच्या डोंगरातल्या नवसी आणि जिवल्या या नवराबायकोवर. ते पाऊस संपला की वीटभट्टीवर जातात. तिला केरळात बक्षीस मिळालं. बक्षीस पितळी आहे आणि चांगलं जड आहे. आई ते लोणच्यावर दाब म्हणून ठेवते. नवसीला फिल्म दाखवली तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "आमी काय एवढं हळू चालतो काय गं?"

तिच्या कामाला मी कधी विरोध केला नाही. मॅडमनी विचारलं, तुम्ही फिल्म बघितल्या असतीलच. दोन्ही वेळेला माझी सेकंड शिफ्ट होती.

२३ नोव्हेंबर

पालघरला शोकसभा. वक्त्यांपैकी एकाने वैभवीचं नाव वैदेही असं घेतलं, पण फार तळमळीने बोलला. दोन मिनिटं स्तब्धता पाळली. कमलेशने त्या स्तब्धतेचाही आवाज टेप केला. म्हणाला, फिल्ममध्ये जिथे कोणी बोलत नाही तिथे घालायला शांततेचाही आवाज लागतो. पण मध्येच भावना मॅडमचा मोबाईल वाजला आणि त्याची शांतता वाया गेली. "परत उभं ऱ्हायला सांगू काय सगळ्यांना?" त्याने मला विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

२९ नोव्हेंबर

साप्ताहिक सुट्टी. कमलेशच्या दुकानात बसून राहिलेली फिल्म बघितली. एकीकडे तो एका हळदीच्या व्हिडिओला गाणी लावत होता.

फिल्मचं नाव 'जावा'. त्यात दोनच बाया आहेत, साखरबाई आणि मंदाबाई. दोघी नवापूरच्या, सख्ख्या भावांच्या बायका. बोईसरच्या मासळी बाजारात एकमेकींना चिकटून बसतात. मांडीला मांडी लागते म्हटलं तरी चालेल. आणि दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. आज-कालचं नाही, कित्येक वर्षांचं. काही लागलं तर गिऱ्हाइकामार्फत विचारतात. फिल्ममध्ये एक बँकेतला माणूस मांदेली घेत असतो. साखरबाई त्याला म्हणते, "हिला इचारा, बरफ हाय काय."

तो बावरून मंदाबाईला विचारतो, "बर्फ आहे का?"

मंदाबाई त्यालाच म्हणते, "सांगा, हाय. पण काल नेलेलं घमेलं आदी द्या म्हनावं."

"सांगा, देतो."

"सांगा, न्या."

बर्फ हाताच्या अंतरावर असतो. तो माणूस घमेलं इकडून तिकडे करतो आणि मांदेलीचा वाटा घ्यायचा विसरून निघून जातो.

भांडण कशावरून, तर एका शब्दावरून. साखरबाईच्या मुलीच्या लग्नात मंदाबाई मांडवाच्या दारात आली, तेव्हा साखरबाई तिला म्हणाली, "या." 'ये' नाही म्हणाली. मंदाबाई कॅमेऱ्यापुढे सांगते, "सगल्या गावाम्होरं मना 'या' बोलली! पावन्याला बोलतात तशी. येवडी परकी झाली काय मी?" साखरबाईचं म्हणणं, मागे सगळे व्याही उभे होते, म्हणून तोंडातून 'या' गेलं, आणि मंदाने समजून घ्यायला हवं होतं.

मी कमलेशला म्हणालो, आदराने बोललं म्हणून कोणी एवढं धरून बसतं का? तो कीबोर्ड पुसत बसला.

शेवट काय आहे, विचारलं. तो म्हणाला, "शेवटच तर नाय, सर. ताई बोलायच्या, ज्या दिवशी ह्या दोघी एकमेकींशी बोलतील, त्या दिवशी फिल्म संपली. चार वर्सं थांबलो. मी बोललो, ताई, आपण जोडून देऊ, इकडचा शॉट, तिकडचा शॉट. तर मना दुकानातून हाकलायला निघाल्या. माझ्याच दुकानातून."

म्हणजे मी वचन दिलं ते असं आहे. दोन बायांनी आपणहून एकमेकींशी बोललं पाहिजे, आणि ते कॅमेऱ्यात आलं पाहिजे. बॉयलरचा प्रश्न असता तर काहीतरी खोलून बघता आलं असतं.

फिल्ममध्ये वैभवी कुठे दिसत नाही, पण कॅमेऱ्यामागून तिचा आवाज येतो. ती फार बोलते. मोठ्याने हसते. साखरबाईला 'अगं सांग ना' म्हणते. मी कमलेशला विचारलं, हा तिचाच आवाज ना, की नंतर दुसऱ्या कुणाचा घातलाय. तो म्हणाला, ताईंचाच.

चांगली शहाणी माणसं अशी न बोलता राहतात याचं मला नवल वाटतं. आमच्या घरात कधी मोठा आवाज झाला नाही. शेजारी आमचं उदाहरण द्यायचे. गॅस संपत आला की वैभवी आईला सांगायची, आई मला सांगायची. मला उशीर होणार असला की मी आईला सांगायचो. सगळं व्यवस्थित चालायचं.

६ डिसेंबर

भावना मॅडम बाजारात येऊन गेल्या. त्यांच्या महोत्सवात मार्चमध्ये वैभवीच्या नावाने एक दिवस ठेवला आहे, तिथे ही फिल्म पाहिजे. "चार वर्षं वाट बघणं ही वैभवीची साधना होती," मला म्हणाल्या. "पण आपल्याकडे तारीख आहे. एक छोटासा हस्तक्षेप करू या."

छोटासा हस्तक्षेप म्हणजे दोघींचे हात एकमेकींच्या हातात द्यायचे. मॅडमनी एक हात साखरबाईचा धरला, एक मंदाबाईचा. दोन्ही हातांना खवले.

"वैभवीसाठी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता.

साखरबाई म्हणाली, "मॅडम, रडायचं हाय काय? रडतो. कुठल्या डोल्यानं, ते सांगा."

"नाही नाही, तुम्ही फक्त मनातलं बोला."

मंदाबाई म्हणाली, "सांगा हिला, माजा हात मॅडमनी धरलाय, मी नाय दिला."

"सांगा तिला, मना बी हौस नाय."

कमलेश कॅमेऱ्यामागे तोंडावर रुमाल धरून उभा होता. मॅडम तासभर झगडल्या. मग थकून दोघींकडून एक-एक पापलेट घेतलं, दोन्हीकडे तोच भाव. त्या गेल्यावर साखरबाई एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "हिला इचारा, कालचंच दिलं काय?" मंदाबाई म्हणाली, "सांगा, तिनं दिलं तेच मी दिलं." बघायला गेलं तर हे जवळजवळ बोलणंच होतं. पण मध्ये गिऱ्हाईक आलं.

२१ डिसेंबर

ठरवलं की आपणच सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊन उभं राहायचं. कमलेशला लग्नसराई आहे. त्याने मला शिकवलं. लाल दिवा लागला की चालू. साखरबाईच्या पदराला बारीक माईक लावायचा, तो ती स्वतःच लावून घेते. मी स्टँड लावतो आणि खांबाशेजारी उभा राहतो.

कोणाला काय विचारावं मला समजत नाही, म्हणून विचारत नाही. वैभवी इथे पाटावर बसायची म्हणे. मंदाबाईने मलाही पाट पुढे केला होता. मी म्हणालो, नको, ठीक आहे.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कपडे भाईर काढ. वैभवीच्या कपड्यांना बी असाच वास यायचा. मी काही बोलले न्हाई." आमच्या घरात मांसमच्छी चालत नाही. वडिलांची माळ होती.

४ जानेवारी

काही झालं नाही. मी उभा राहिलो.

११ जानेवारी

काही झालं नाही. बाजारातले लोक आता ओळखतात. एकाने मला सुरमईचा भाव विचारला. दुसऱ्याने माझ्या खांद्याला पिशवी अडकवून ठेवली, त्याला मी खांबाचाच भाग वाटलो असावा. घेऊन जाताना मात्र माफी मागितली.

मनात येतं की हे सगळं कशासाठी. कावळा शिवला नसता तर काय झालं असतं? दर्भाचा कावळा करून लावतात, तशी सोय आहे. गुरुजींना घाई होती, मला संकोच होता, आणि आता मी बाजारात उभा आहे. पण दिलेला शब्द आहे. वैभवीने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच, आणि तेही तिने मागितलेलं नाही.

१८ जानेवारी

कमलेश एका हळदीला गेला होता, मी एकटाच. लाल दिवा लावला. पुढे तो बंद कसा करायचा ते विसरलो, म्हणून चालूच राहू दिला. मधल्या वेळात बर्फाचं मशीन सुरू झालं, त्यात काही ऐकू येत नव्हतं. साखरबाई आणि मंदाबाई कधीतरी एकदम माझ्याकडे बघून हसायला लागल्या. पोट धरून. बहुतेक माझ्या माकडटोपीला हसल्या असाव्यात. इथे एवढी थंडी नसते, पण मला कानाला वारा सोसत नाही.

मग दोघी अचानक गप्प झाल्या. मंदाबाईने उगाचच सगळ्या मासळीवर पाणी मारलं, माझ्या बुटांवरसुद्धा.

२० जानेवारी

कमलेशचा फोन, ताबडतोब दुकानात या. गेलो. शटर अर्धं ओढलेलं. तो पेढे घेऊन बसला होता, पण पेढा काही द्यायला तयार नव्हता.

"बोलल्या, सर," तो म्हणाला. "माईकात सगलं आलंय. मशीनच्या आवाजात बी."

"मग लावा."

"लावतो. पन मी काय बोलतो, पयल्या दोन वाक्यांवर कापू या. तेवढ्यात आपलं काम झालं."

"लावा."

लावलं. जसं ऐकलं तसं लिहितो.

मंदाबाई: "साखर, याला इचार गं. रोज काय खांबागत उभा ऱ्हातोय?"

साखरबाई: "तूच इचार. तुज्या बाजूला उभा हाय."

मंदाबाई: "तो काय बोलनार? बसायला पाट दिला तर 'नको, ठीक आहे.' मुका बरा, तो निदान हातवारे तरी करतो."

साखरबाई: "अगं म्हनून तर ती बाय चार वर्सं आपल्याकडं येऊन बसली. घरी कोन बोलतंय?"

मग हसणं. माझ्याकडे बघून हसल्या ते.

कमलेश घाईने म्हणाला, "'तूच इचार' वर कापतो. बाजाराचा आवाज वर आनतो, पडदा काला, खल्लास."

मी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आवाज अगदी स्वच्छ होता. माईक चांगल्या प्रतीचा असावा.

घरी येताना पेढे घ्यायचे विसरलो.

१ फेब्रुवारी

कमलेशच्या पोटात काही राहत नाही. त्याने मॅडमना सांगितलं आणि त्या तडक गाडी करून आल्या. दुकानात त्यांनी तो तुकडा बघितला, डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या, "सगळी फिल्मच फिरली! ही त्या दोघींची गोष्टच नाही. ही तुमची आहे, मनीषजी. पाहणारी स्त्री आणि न बोलणारा पुरुष. नाव बदलू. 'मौनाचा खारेपणा'."

त्यांचा बेत असा की मी नवापूरला खडकावर बसायचं, समुद्राकडे बघायचं, आणि मागून माझ्याच आवाजात कबुली चालू राहायची. कबुली त्या लिहून देणार होत्या. "तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त आतलं बाहेर येऊ द्या."

मी म्हणालो, "फिल्म वैभवीची आहे. तिला त्या दोघी बोलायला हव्या होत्या. त्या बोलल्या. संपली."

"आणि ते वाक्य?"

कमलेश म्हणाला, "ते कापतोय मी."

मी म्हणालो, "ते राहू द्या."

कमलेश म्हणाला, "सर, तुमच्या कंपनीतली लोकं येनार. गाव येनार. हसतील."

मी म्हणालो, पूर्ण करीन असं म्हटलं होतं. माझ्यापुरतं कापून पूर्ण केली तर ती पूर्ण कशी? मॅडम जाताना म्हणाल्या, तुमच्यातल्या कलाकाराला तुम्ही घाबरता. मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं.

८ फेब्रुवारी

झोप नीट लागत नाही. कमलेशचं म्हणणं बरोबर वाटायला लागलं आहे. बाजारातल्या बाया उन्हातान्हात काहीही बोलतात. त्यांना आमच्या घरातलं काय माहीत? वैभवी त्यांना काही सांगत असेल असं वाटत नाही. ती कमी बोलणारी होती. निदान घरी तरी.

कापायला सांगावं म्हणून फोन केला. त्याने उचलला नाही. दुपारी त्याचाच आला. "बोला सर, काय काम होतं?" मागे बँड वाजत होता. मी विचारलं, "गावात कधी दाखवायची ठरली?" तो म्हणाला, बावीसला. मी बरं म्हणून ठेवला.

२३ फेब्रुवारी

काल बोईसरला फिल्म दाखवली. मुंबईच्या आधी इथे दाखवायची, असा कमलेशचा हट्ट होता. त्याच्या ओळखीतलं मंगल कार्यालय मिळालं. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती, आणि स्टेजवर नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या. अध्यक्षा म्हणून भावना मॅडमना नवरीच्या खुर्चीत बसवलं. शेजारची रिकामी होती. मला बोलावलं, मी गेलो नाही.

नवापूरहून टेम्पो भरून माणसं आली. साखरबाई आणि मंदाबाई पहिल्या रांगेत, ठेवणीतल्या साड्या नेसून, मध्ये एक खुर्ची सोडून. त्या दिवशी बोलल्या त्या बोलल्या, पुन्हा बंद केलं होतं असं कमलेश म्हणाला. मी आईला घेऊन मागे बसलो. माझ्या पुढच्या रांगेत कंपनीतले लोक.

फिल्म चांगली आहे असं मला वाटतं. लोक जागोजागी हसत होते. बर्फाच्या जागी तर टाळ्या पडल्या. वैभवीचा आवाज मोठ्या स्पीकरवर आणखीच वेगळा वाटला. आई म्हणाली, "ही कोण बोलायली?" मी म्हणालो, वैभवी. आई म्हणाली, "छे."

मग शेवट आला. पडद्यावर दोघी, आणि कडेला खांबाशेजारी मी, माकडटोपी घालून. "साखर, याला इचार गं" म्हटल्याबरोबर नवापूरकरांनी एकच गलका केला. तो ओसरेपर्यंत पुढचं आलं. "घरी कोन बोलतंय?" सगळं कार्यालय हसलं. मग एकेक मान मागे वळली. कंपनीतल्या लोकांनी मात्र वळवल्या नाहीत. त्यांच्या नुसत्या पाठी हलत होत्या.

पडदा काळा झाला. आईने मला कोपराने ढोसलं. तिला कमी ऐकू येतं. "काय म्हणली रे ती?"

मी हळूच म्हणालो, "काही नाही."

"काही न्हाई तर लोकं कशाला हसायलेत?"

मी तिच्या कानाशी सांगितलं.

"मोठ्यानं बोल की! घरात बी असंच पुटपुटत असतोस. मला एक शब्द कळंना."

तोवर हसणं थांबलं होतं. पडद्यावर नावं चालली होती. वैभवीला शेवटी संगीत नको होतं म्हणे, त्यामुळे काहीच आवाज नव्हता. मी मोठ्याने सांगितलं, "मी घरी बोलत नव्हतो, म्हणून वैभवी त्यांच्याकडे जाऊन बसायची, असं त्या म्हणाल्या."

सगळ्यांनी ऐकलं. मग आई म्हणाली, आणि तिला वाटलं की ती हळू बोलते आहे. "असं व्हय. मला वाटायचं, चोरून मासे खायला जाते."

"खायाची बी!" पहिल्या रांगेतून मंदाबाई ओरडली. "आमच्या घरी यायची, मांडी ठोकून बसायची!"

हे मला माहीत नव्हतं. लोक हसत होते. स्टेजवरून भावना मॅडम 'शू' करत होत्या. मी उभा राहिलो. एवढ्या लोकांत असं विचारणं बरं दिसत नव्हतं. मी विचारलं, "काय खायची?"

"करंदीचं सुकं," मंदाबाई म्हणाली. करंदी म्हणजे बारीक कोळंबी.

साखरबाई गर्रकन वळली. "खोटी! बोंबील खायाची. वला बोंबील, चिंचेतला. माज्या हातचा."

"तुज्या हातचा? तुज्या हातचं तुजा नवरा खात नाय, ती काय खानार?"

"आनि तुजी करंदी! निम्मी रेती, निम्मी करंदी. ती बाय लाजंखातर गिलायची."

"बोटं चाटायची गं ती! डोल्यांनी बघितलंय मी."

"तू तवा बाजारात व्हतीस!"

दिवे लागले तरी चालूच होतं. मधल्या रिकाम्या खुर्चीवरून दोघी एकमेकींच्या तोंडाजवळ हात नेत होत्या. कमलेश कॅमेरा आणायला धावला. मी त्याला म्हणालो, राहू दे, फिल्म झाली. आईला पाणी दिलं, पुढे गेलो, आणि त्या दोघींच्या मधल्या खुर्चीत बसलो.

मला बघून दोघी क्षणभर थांबल्या. मी म्हणालो, "चालू द्या. पण आधी मला नीट सांगा. बोंबील की करंदी?"